सर्जाचं एक शिंग

माझ्या फोनला मागं तीन कॅमेरे आहेत, ही बातमी काकूंनी गावात फोडली आणि सर्जाचा फोटो माझ्या गळ्यात पडला.

सर्जा म्हणजे तात्यांचं खिल्लार खोंड. तात्या माझे चुलते. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात दीड एकर जमीन आणि दोन दुखरे गुडघे बाळगून आहेत. गुडघ्यांपायी खोंड विकायचं ठरलं. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, पण तिथवर टेंपो करायचा, वैरण न्यायची, थंडीत उघड्यावर झोपायचं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर टाकूया, असं त्यांच्या पोरानं सुचवलं. तात्यांनी उत्साहाच्या भरात स्वतःच एक फोटो काढून टाकलासुद्धा. त्यात त्यांचा अर्धा अंगठा, सर्जाची शेपटी आणि शेण भरणाऱ्या काकू होत्या. खाली कुणीतरी विचारलं, "किती लिटर देती?"

त्या रात्री तात्यांनी हातानं वाढून घेतलं म्हणे.

मी आदल्या रात्री अभ्यासाला बसलो. एक परदेशी व्हिडिओ मिळाला. टोपीवाले गृहस्थ मांसासाठी पाळलेल्या गुरांचे फोटो कसे काढावेत हे शिकवत होते. तिकडं असे फोटो बघून लोक वळू विकत घेतात, त्यामुळं हा पोटापाण्याचा विषय. सूर्य आपल्या पाठीशी हवा. कॅमेरा जनावराच्या पोटाच्या उंचीला हवा. जवळ जाऊ नका, लांब उभं राहून झूम करा, नाहीतर मुंडकं मोठं आणि मागचा भाग बारका दिसतो. चारी पाय दिसले पाहिजेत, आपल्या बाजूचा मागला पाय जरा मागं. कान टवकारलेले हवेत. मी सगळं लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. एवढंच लक्षात आलं नाही की, त्या माणसासमोर उभा होता अँगस जातीचा वळू. अँगस काळा कुळकुळीत असतो आणि त्याला जन्मतःच शिंगं नसतात. आमचा सर्जा पांढराशुभ्र, आणि खिल्लारात बघायचं काय, तर शिंगं.

सकाळी आठला पोचलो. काकूंनी सर्जाला न्हाऊ घालून पुसून ठेवला होता. शिंगांच्या टोकांना कर्नाटकी बेंदूर सणाचा हिरवा रंग अजून चिकटलेला. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी नीट करून उभे. मी म्हटलं, "तात्या, तुमचा फोटो नाही काढायचा."

"मग कासरा कोण धरणार? तुझा बा?"

सर्जामागं राजहंसगड येईल अशी सुंदर जागा मी हेरली. तात्यांनी बघितलं आणि म्हणाले, "गड इकायचा हाय काय?" शिवाय गड मागं घेतला की सूर्य थेट माझ्या डोळ्यांत. फिरून उभं राहिलो तर मागं उकिरडा. आणखी फिरलो तर दोरीवर वाळत घातलेल्या तात्यांच्या दोन बंड्या. शेवटी रस्त्याकडेची भिंत ठरली. तिच्यावर एका बाजूला मराठीत मजकूर रंगवलेला, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. कुठल्या बाजूला बैल उभा करायचा यावर तात्या आणि त्यांच्या पोरात जुंपली. गिऱ्हाईक गडहिंग्लजचं येणार की गोकाकचं, हा मुद्दा होता. 1956 पासून लोंबकळणारा सीमाप्रश्न खोंडाच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. मी सर्जाला मधोमध उभा केला, आणि दोन्हीकडची शेवटची अक्षरं त्याच्या अंगाआड गेली.

आता उजेड. टोपीवाले म्हणाले होते, जनावरावर बोट ठेवा आणि उजेड वाढवा. मी इमानानं वाढवला. काळ्या वळूला ते लागत असेल. पांढऱ्या खोंडाला ते मानवत नाही, हे मला नंतर उमगलं. फोटोत काय आलं? दोन डोळे, चार खूर, दोन शिंगं, हवेत तरंगणारी. मधला बैल उन्हात विरघळलेला. तात्यांनी फोन हातभर लांब धरला. "वशिंड कुठं हाय?" म्हणाले. वशिंड, पाठ, गळ्याखालची पोळी, सगळंच गेलं होतं. मग उजेड कमी करत करत आणला तेव्हा सर्जा पुन्हा अवतरला. भिंत काळी झाली, तात्यांचं तोंडही काळं झालं, पण तात्या विकायचे नव्हते.

मग पाय. खोंडाचे चार पाय एका वेळी बरोबर येणं हा योग आहे. मागला पाय मागं न्यायचा तर तोंडाकडून जरा मागं रेटायचं. तात्यांनी रेटलं, मागला गेला, पुढचे दोन्ही एकमेकांआड गेले. पुढचे सुटे केले, तेवढ्यात माशी बसली, पोटाखाली लाथ झाडली, पुन्हा तीनच पाय. मी पोटाच्या उंचीला यायला मांडी घालून बसलो होतो. रस्त्यानं चाललेलं वडाप थांबलं. आतून एका म्हातारीनं हात जोडले. तिला वाटलं पूजा चाललीय. ड्रायव्हर म्हणाला, "मागनं पण काढ गा." टोपीवाल्यांनीही तेच सांगितलं होतं, मांड्यांची रुंदी दाखवायला मागून एक फोटो. गेलो मागं. तात्या ओरडले, "घेणारा तोंड बघतोय, तू तिथं काय बघायलैस?" सर्जानंही त्याच मिनिटाला आपलं मत पातळ स्वरूपात मांडलं. लाइट बिल वाचलं, चप्पल वाचली नाही.

राहिले कान. तिकडं मदतनीस समोर पिशवी चुरचुरवतो आणि वळू कुतूहलानं बघतो. तात्यांच्या पोराला पिशवी मिळेना, त्यानं डबा वाजवला. आता, सर्जानं दोन महिने रिकामा गाडा ओढायचा सराव केलेला. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचे कायदे वैध ठरवले, तेव्हापासून तात्यांच्या डोक्यात एखादं खोंड शर्यतीत पळवायचं होतं, ते सर्जावर आलं. डबा वाजला की सुटायचं, एवढं त्याला पाठ. कान टवकारले, खरंच सुंदर टवकारले. पुढच्या क्षणी सर्जा, कासरा आणि तात्या या क्रमानं तिघं ऊसाकडं निघाले. दुखरे गुडघे एवढे चालतात हे काकूंना त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "आता दुकानाला जायला काय हरकत न्हाई."

दहा वाजता, ऊन चढल्यावर, सगळे दमल्यावर, सर्जा आपसूक उभा राहिला. पाय चारी. मान वर. मी पोर्ट्रेट मोड लावून धडाधड नऊ फोटो काढले. मागची भिंत धूसर, दोन्ही भाषा धूसर, जनावर ठसठशीत. तात्यांनी पहिल्यांदा "बेस" म्हटलं. फोटो गेला.

पंधरा मिनिटांत गोकाकहून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, मवाळ. "फोटो छलो ऐतरी. वंदु कोडु यल्ली होतु?" फोटो चांगलाय, एक शिंग कुठं गेलं?

आम्ही फोटो मोठा करून बघितला. फोननं पलीकडच्या शिंगाला भिंत समजून अर्ध्यातनं पुसून टाकलं होतं. अँगसला हा त्रास नाही. तात्या माझ्याकडं असे बघत होते जणू मी करवतीनं कापलं.

दोन शिंगांचा साधा फोटो गेला. मग गोकाककरांनी अंगावरचे केसांचे भोवरे मागितले. पाठीवरचा, कपाळावरचा, एकेक जवळून. तिथं कुठला टोपीवाला मदतीला येणार? ते काढले. मग दात. तात्यांनी सर्जाचा खालचा ओठ ओढून धरला, मी लाळेत हात घालून काढला. दोन दात ठळक, बाकी दुधाचे. दुसा, म्हणजे दोन दाती, यात शंका नको.

या वेळी फोन आला तो म्हाताऱ्याच्या मुलाचा, बेंगळुरूहून. फोटो आधी त्याच्याकडं जायचे. हिंदीत म्हणाला, "अंकल, ऊपर के दाँत टूट गये क्या? थोडा रेट कम करो."

तात्या बराच वेळ गप्प. गाईबैलाला वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात, नुसती घट्ट हिरडी असते, हे ज्याच्या बापाच्या दावणीला बैल आहेत त्याला कोण सांगणार? ते एवढंच म्हणाले, "बाळा, बापाला फोन दे."

बाप हसला. लई वेळ हसला. कन्नडमध्ये काय बोलणं झालं ते मला अर्धंच कळलं, पण आयतवारी ते स्वतः बघायला येणार, एवढं ठरलं. मी फोन पुसून खिशात घातला.

"आयतवारी सकाळी लौकर ये," तात्या म्हणाले.

"आता कशाला? ते डोळ्यांनी बघणारच आहेत की."

"त्येंचा फोटो काढायला. सर्जा कुणाच्या घरी जायलाय ते तुझ्या काकूला बघायचंय." मग जरा थांबून म्हणाले, "लांबनं काढ. आणि पाय दोन्ही दिसू देत."