दोष कुलपाचा नाही हो!

पाऊस लागला की सोसायट्यांचे फोन सुरू. “तुम्ही बसवलेलं इलेक्ट्रिक लॉक बिघडलं. टक् आवाज येतो, पण दार उघडत नाही.” अहो, आवाज येतोय म्हणजे कॉइल, कुलपातली विजेवर जीभ ओढणारी तारेची गुंडाळी, शाबूत आहे! लाकडी दार ओलीने फुगलंय, त्याचा रेटा कुलपाच्या जिभेवर बसलाय. दार हाताने चौकटीकडे दाबून धरा आणि मग बटण दाबा, बघा उघडतं की नाही. सुताराला बोलवा म्हटलं की मलाच दोष.

आणि ती वायर! पैसे वाचवायला टेलिफोनची केसासारखी तार पंचवीस मीटर ओढायची. काल व्होल्ट मोजायचा मीटर लावला, तर ॲडॅप्टरपाशी १२ व्होल्ट आणि बटण दाबल्यावर कुलपापाशी जेमतेम ९. एवढ्यावर कुलूप जीभ कशी ओढेल?

पण सगळ्यात संताप येतो तो वीज गेल्यावर काय व्हायला हवं हे कुणीच विचारत नाही याचा. काही कुलपं वीज गेली की उघडतात, काही बंदच राहतात. परवा एका क्लिनिकमध्ये बंद राहणारं लावलेलं, आतून साधी मूठही नाही. आत पेशंट बसतात! आग लागली तर? पहिलं काम तेच केलं, आतून मूठ बसवली.