केमोचा गुरुवार आणि साहेबांचा चांगुलपणा

जानेवारी 2025 मध्ये दोन बातम्या मागोमाग आल्या. भारतात लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन आठवड्याला 90 तास आणि रविवारीही काम करण्याबद्दल बोलले आणि त्यावर बरेच दिवस धुरळा उडाला. इथे जर्मनीत अलियान्झ या विमा कंपनीचे प्रमुख ऑलिव्हर बेटे म्हणाले, लोक फार आजारी पडतात, तेव्हा आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार देऊ नये. धुरळा इथेही उडाला. दोन्हीकडच्या वादात एक गोष्ट गृहीत होती: माणूस एक तर कामावर असतो, नाही तर नसतो.

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेली बाई यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. तिला 90 तास झेपणार नाहीत हे उघड आहे, पण 40 तासही प्रश्नाला धरून नाहीत. तिचा प्रश्न असतो, कोणते तास? भारतात हा आजार युरोपच्या मानाने साधारण दहा वर्षं आधीच्या वयात सापडतो. म्हणजे ऐन नोकरीत, घराचे हप्ते आणि मुलांची दहावी चालू असताना. म्हणून कामाच्या तासांवर एवढं बोलणाऱ्या देशात हा प्रश्न कुणीच विचारू नये, याचं नवल वाटतं.

आधी आजाराचं वेळापत्रक पाहू, कारण कायदे त्यानंतरचे. तीन आठवड्यांतून एकदा मिळणारी केमो घ्या. पहिल्या दिवशी सलाईन, सोबत स्टेरॉइड. त्या जोरावर दुसरा दिवस बरा जातो, फार तर झोप लागत नाही. स्टेरॉइड उतरलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी माणूस आडवा होतो. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन दिलं असेल तर याच दिवसांत कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. अंगात ताकद असते, पण संसर्गाच्या भीतीने गर्दी वर्ज्य. हे दिवस घरून काम करण्याचे, 8:12 ची लोकल पकडण्याचे नव्हेत. ताप 38 अंश सेल्सियसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर गेला तर मीटिंग सोडून थेट हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही. तिसरा आठवडा मात्र बऱ्याच जणींचा चांगला जातो.

हे कळलं की पहिला निर्णय आपोआप होतो: जमलं तर केमो गुरुवारी घ्यावी. मग सगळ्यात वाईट दिवस शनिवार, रविवार, सोमवार येतात आणि कामाचे दोन-तीन दिवसच बुडतात. सोमवारी घेतली तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार जातात आणि आठवडाच हातचा जातो. केमो देणाऱ्या डे-केअर विभागाच्या सिस्टरकडे वार मागून घेता येतो, पण मागावा लागतो.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे दर आठवड्याला एक असे 12 डोस असतील तर गणित बदलतं. प्रत्येक डोस सौम्य असतो, पण ॲलर्जी टाळायला आधी जे इंजेक्शन देतात त्याने गुंगी येते, म्हणून त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. बोटांची टोकं हळूहळू बधिर होऊ लागतात. आठव्या-नवव्या डोसानंतर कीबोर्डवर चुका वाढल्या, ब्लाउजचं हुक लागेना, तर ते लगेच डॉक्टरांना सांगायचं; डोस कमी करता येतो. रेडिएशन आता बऱ्याच ठिकाणी 15 बैठकांत, म्हणजे तीन आठवड्यांत उरकतं आणि रोजचं काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. वेळ खातो तो प्रवास. इथेच सर्वात जास्त फसगत होते. रेडिएशन शुक्रवारी संपलं की सोमवारी पूर्ण वेळ रुजू, असं ठरवलं जातं. पण थकवा शेवटच्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत टोकाला पोचतो. कामावर परतायची तारीख त्याच्या पुढची धरावी. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताने एकदम जड उचलायचं नाही, सूज आली की ती सहजी जात नाही. कॉल सेंटरमधल्या बाईला हे सोपं, चाकणच्या कारखान्यात पेट्या उचलणाऱ्या बाईला नाही.

आता जर्मनी. इथल्या पद्धतीचं मर्म असं की वरिष्ठाला दयाळू असावंच लागत नाही. डॉक्टर आजारपणाचा दाखला काढतात, तो 2023 पासून ऑनलाइन जातो आणि मालकाला त्यात फक्त तारखा दिसतात. आजार कोणता, ते नाही. पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. सातव्या आठवड्यापासून क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, क्रांकनगेल्ड नावाचा भत्ता देते: एकूण पगाराच्या 70 टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवडे, पहिले सहा त्यातच धरून. मालकाचा खर्च दीड महिन्यात थांबतो, म्हणून त्यालाही फार कुरकुर करायचं कारण उरत नाही. माझ्या मते हीच खरी हुशारी आहे. जर्मन मॅनेजर मराठी मॅनेजरपेक्षा मायाळू आहे असं अजिबात नाही.

त्यानंतर परतीचा रस्ता. त्याला हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात (बर्गरशी संबंध नाही). डॉक्टर कागदावर लिहून देतात: पहिले दोन आठवडे रोज दोन तास, पुढचे दोन आठवडे चार, मग सहा, मग पूर्ण. या काळात बाई कागदोपत्री आजारीच असते, भत्ता विम्याकडून चालू राहतो, मालक काही देत नाही आणि झेपलं नाही तर मागे येता येतं. बिघडतं ते असं: तास चार होतात, काम आठ तासांचंच राहतं. म्हणून तासांबरोबर कामाची यादीही लिहून घ्यावी लागते.

शिवाय गंभीर अपंगत्वाचा दाखला. स्तनाच्या कॅन्सरनंतर साधारण पाच वर्षांसाठी अपंगत्वाचे 100 पैकी 50 किंवा जास्त अंश मिळतात. त्याने वर्षाला पाच दिवस जादा सुट्टी मिळते, जादा तास नाकारता येतात आणि नोकरीला सहा महिने झाले असतील तर सरकारी कार्यालयाच्या संमतीशिवाय कामावरून काढता येत नाही. मेख अर्जाच्या तारखेत आहे. नोटीस हातात पडायच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज गेलेला असावा लागतो. अपंग हा शब्द आपल्या माणसांच्या घशाखाली उतरत नाही, लोक काय म्हणतील म्हणून अर्ज लांबतो आणि संरक्षण हुकतं. हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेला सांगितलं तर फॉर्म ती भरून देते.

इथलं सगळं गोड नाही. 'आजारी माणसाला जर्मनीत काढता येत नाही' ही आपल्या लोकांत पसरलेली समजूत चुकीची आहे. अटी कडक आहेत, पण काढता येतं. क्रांकनगेल्ड करमुक्त असलं तरी इतर उत्पन्नावरचा कराचा दर त्याने वाढतो आणि पुढच्या वर्षी कर खात्याचं पत्र येऊन धडकतं. एक दाखला संपला की दुसरा उशिरात उशिरा पुढच्या कामाच्या दिवशी काढावा लागतो, नाही तर भत्त्यात खंड. आणि सगळ्यात महागडी चूक आपल्या आयटीवाल्यांची. पगार चांगला म्हणून ते खासगी आरोग्य विमा घेतात. तिथे क्रांकनगेल्ड नसतं, रोजचा भत्ता वेगळा विकत घ्यावा लागतो. हप्ता कमी दिसावा म्हणून तो काढून टाकला असेल, तर सातव्या आठवड्यात उत्पन्न शून्य. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून जुळी शहरं आहेत, इथे मराठी मंडळी भरपूर. गणपतीच्या कार्यक्रमात ही एक गोष्ट माइकवरून सांगितली तरी पुष्कळ झालं.

भारतात कायदा अगदीच नाही असं नाही, पण तो तुकड्यातुकड्यांत आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना आहे. नेहमीच्या आजारात वर्षाला 91 दिवस 70 टक्के, पण कॅन्सर त्यांच्या 34 दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेसं योगदान असेल तर 80 टक्के, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. 21,000 वर हे 16,800 रुपये होतात. टक्केवारीत हे जर्मनीपेक्षा सरस आहे आणि पुण्या-मुंबईच्या किती एचआरना ते ठाऊक असतं, देव जाणे. पगार या मर्यादेच्या पुढे गेला की मात्र कायद्याने आजारपणाचा भत्ता नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 8 दिवस किरकोळ रजा आहे आणि हक्काची रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. उपचार चालतात आठ-दहा महिने. 2016 च्या अपंगत्व कायद्यात 21 प्रकार आहेत, कॅन्सर त्यात नाही. आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर सततच्या आजारपणामुळे काढणं ही 'कपात' (रिट्रेंचमेंट) धरलेलीच नव्हती, म्हणजे कपातीची भरपाईसुद्धा नाही.

मग उरतं ते 'साहेब चांगला आहे'. हे हसण्यावारी नेऊ नये. चांगला साहेब जे देतो ते जर्मनीत मिळत नाही. इथे माणूस आजारी तरी असतो किंवा धडधाकट. केमोच्या तिसऱ्या आठवड्यात चार तास काम करते म्हटलं तर त्यासाठी धड रकाना नाही. पुण्यात 'तू आज कॅमेरा बंद ठेव, बारानंतर ये' एवढ्यावर भागतं. फक्त साहेबाची बदली झाली की हे सगळं त्याच्याबरोबर जातं. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याच्या हक्काचं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं. त्याला माझा पाठिंबाच आहे, पण आजारी माणसाला टप्प्याटप्प्याने परत येण्याचा हक्क हवा. दीड पानाचा नियम पुरे.

तोवर हाती आहे एक कागद. ऑपरेशनची तारीख ठरताच नातेवाईक म्हणतात, राजीनामा दे, जीव महत्त्वाचा. राजीनाम्याबरोबर कंपनीचा मेडिक्लेम जातो आणि उरलेले डोस खिशातून. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मिळते का, हे नोकरी असतानाच विचारायचं. साठलेली रजा ऑपरेशनलाच सलग उडवू नये. ऑपरेशनला दोन-तीन आठवडे धरून बाकीची केमोच्या दिवसांना एकेक-दोनदोन अशी वाटावी. डॉक्टरांकडून 'रुग्णास विश्रांतीची गरज आहे' असं मोघम सर्टिफिकेट न घेता असं लिहून घ्यावं: दर 21 दिवसांनी गुरुवारी उपचार, एकूण इतक्या वेळा, त्यानंतर पाच दिवस रजा, सातव्या ते चौदाव्या दिवशी घरून काम, अमुक हाताने पाच किलोपेक्षा जास्त वजन नको, रेडिएशननंतर तीन आठवडे अर्धवेळ. हे एचआरला ईमेलने, तोंडी नव्हे. उत्तरही ईमेलनेच मागावं, म्हणजे नवा साहेब आला तरी जुनं बोलणं जागेवर राहतं.

आणि जिला एचआरच नाही, तिचं? धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या उपचारांचा खर्च महात्मा फुले योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत निघू शकतो, बुडालेली मजुरी त्यात नाही. तिच्याकडे चार घरं असतात आणि केमोच्या प्रत्येक फेरीत पाच-सहा खाडे. एकट्या घराने ते पगारी धरले तरी उरलेली तीन घरं दुसरी बाई शोधतात आणि ती आठव्या दिवशीच कामावर येते, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा तिच्या पांढऱ्या पेशी तळाला असतात. चारही घरं बहुधा एकाच सोसायटीत असतात, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुपही एकच असतो. तिथे पाण्याच्या टँकरचा हिशेब होतो, तसाच सहा फेऱ्यांच्या खाड्यांचाही पाच मिनिटांत होतो.