जरा मागं सरका

कॅमेरा घेतलाय हे घरात सांगायला मला चार दिवस लागले आणि किंमत तर अजून सांगितलेलीच नाही. 24 मेगापिक्सेल, सोबत 50 एमएमची 1.8 वाली, म्हणजे तोंड मोठं उघडणारी लेन्स. व्हिडिओतलं पोरगं म्हणत होतं की ह्या लेन्सनं बॅकग्राउंड मस्त ब्लर होतंय. बॅकग्राउंड म्हणजे कोण कोण, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

सुरुवात जवळच, बेळगावच्या राजहंसगडावर. गडावर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे, त्याच्यासमोर आई-बाबांना उभं केलं आणि डोळा लावला तर फ्रेममधे फक्त बाबांची टोपी आणि महाराजांचा चौथरा. झूम होईना, कारण ही लेन्स झूमच होत नाही! वर आपला सेन्सर लहान, त्यामुळं 50 ची लेन्स 75 सारखी वागते, सगळं अजूनच जवळ येतं. म्हणजे झूम पायानं करायचा. मग मी मागं, अजून मागं, अजून थोडं मागं, करत करत कणीसवाल्या मावशींच्या शेगडीपर्यंत गेलो. तिथनं हाका मारून "हसा" म्हणायचं तर वाऱ्यात कुणाला काय ऐकू येतंय! बाबांना "बसा" ऐकू आलं, ते बसले.

पुढच्या रविवारी गोकाक फॉल्स. ऑगस्ट महिना, गाडीत खिडकीची सीट कॅमेऱ्याच्या बॅगेला आणि आत्या मधे अंग चोरून. दोन तास एसीत गार झालेली लेन्स तिथल्या दमट हवेत बाहेर काढली आणि बसला की काचेवर वाफेचा थर, सगळा गोकाक धुरात. थोडा वेळ थांबलं की आपोआप जातं ते, पण बाबांना दम कुठला? "आण हिकडं" म्हणून त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं लेन्स पुसली. ह्याच टॉवेलला वाटेत अंकलगी गावात भज्यांचे हात पुसले होते. बायको म्हणाली तुमचं तोंड असं का झालंय.

घटप्रभा तिथं 52 मीटर खाली उडी घेते, पावसाळ्यात पाणी गुळाच्या चहासारखं लाल. मला ते रेशमासारखं सुळसुळीत दिसणारं पाणी पाहिजे होतं, त्याला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. ट्रायपॉड नव्हता म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवला, शटर 1 सेकंद. फोटो पांढरा फटक. आईनं स्क्रीनमधे डोकावून विचारलं, "दूध उतू गेलंय काय रे?" तिला समजावलं की उजेड जास्त झाला, त्याला लेन्सवर काळी काच लावावी लागते, गॉगल घालतो तशी. "म्हणजे अजून खर्च," बायको. मी गप. चांगला अँगल मिळतोय का बघायला जरा पुढं वाकलो तर मागनं गार्ड ओरडला, "ए अण्णा, हिंदक सर्री!" कन्नडमधे पण मला सगळे मागंच सरकवायला लागलेत.

शेवटी ग्रुप फोटो. पुढं आत्या आणि पोरगी, मागं बाकीचे, आणि मी शहाण्यासारखा लेन्स 1.8 वरच, म्हणजे पूर्ण उघडी ठेवली, पैसे दिलेत तर वापरू की. पाच मिनिटं सेटिंग चाललं, तोवर पोरीनं दोनदा शी आली म्हणून सांगितलं आणि बाबांनी हसून हसून शेवटी हसणं सोडून दिलं. एकदाचा काढला.

रात्री घरी येऊन टीव्हीला लावला. बाबा ब्लर. आई ब्लर. बायको ब्लर पण चिडलेली, एवढं ओळखू येत होतं. आत्यासुद्धा ब्लर, कारण फोकस जाऊन बसला होता तिनं पोटाशी धरलेल्या करदंटाच्या, म्हणजे गोकाकच्या डिंक-काजूच्या मिठाईच्या पुड्यावर. पुडा मात्र बघत राहावं असा! प्लॅस्टिकखालनं काजूचा तुकडा, डिंकाची चकाकी, लेबलवरचं एकेक अक्षर. कौतुकानं अजून झूम केलं, अजून केलं, आणि तारीख वाचता आली. पुड्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली.

आत्यानं तोंडातला घास हातावर काढला. तीन पुडे तिनंच, घासाघीस करून घेतले होते. बाबा म्हणाले बघा, कॅमेऱ्यामुळं वाचलो, आणि मी पहिल्यांदा जरा ताठ बसलो.

तेवढ्यात बायकोनं कॅमेरा उचलला आणि उलटासुलटा करून बघायला लागली.

"काय बघायलीस?"

"एमआरपी. ह्याच्यावर कुठं छापलीय?"