नियुक्तीचा उशीर म्हणजे काटेकोर तपासणी नव्हे

स्पर्धा परीक्षेचा अंतिम निकाल लागून काही महिने उलटले आणि नियुक्तीचे आदेश आले नाहीत, की व्हॉट्सॲपवरच्या गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: चारित्र्य पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय आदेश देण्यास कायद्यानेच मनाई आहे, वेळ लागतो तो तपासणी काटेकोर होते म्हणून, ज्याचे सारे स्वच्छ आहे त्याची फाईल अडत नाही, आणि वर्षभर थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही, पुढे तीस वर्षे नोकरी आहेच. शेवटी संयम ठेवण्याचा सल्ला असतो. सल्ला देणारा बहुधा स्वतः केव्हाच रुजू झालेला असतो.

मनाईची गोष्ट आधी पाहू. सरकारी सेवेत येणाऱ्याचे पूर्वचारित्र्य तपासले पाहिजे याबद्दल वाद नाही, आणि निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शंकरसन दाश प्रकरणात १९९१ मध्येच सांगून ठेवले आहे. सरकारला मनमानी करण्याची मुभा नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पुढे पाठवताना तेवढे मात्र गळते. पण तपासणी हवी, हे एक विधान झाले आणि तपासणी संपेपर्यंत आदेश काढूच नयेत, हे दुसरे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियुक्ती अधिकाऱ्यांना मोकळीक दिली, की उमेदवाराकडून साक्षांकन नमुना (स्वतःची आणि पूर्वीच्या वास्तव्याची माहिती भरून द्यायचा अर्ज) आणि स्वयंघोषणापत्र घ्यावे आणि पोलिसांच्या अहवालाच्या अधीन राहून तात्पुरती नियुक्ती द्यावी. आपल्याकडेही ‘जात वैधता प्रमाणपत्राच्या अधीन राहून’ हे शब्द असलेले नियुक्ती आदेश कित्येकांच्या कपाटात सापडतील. ५ डिसेंबर २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या पोलिसांना सांगितले, की निवड झालेल्यांचे चारित्र्य, राष्ट्रीयत्व आणि कागदपत्रे यांची चौकशी ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही झाले तरी नियुक्तीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत पूर्ण करावी आणि त्यानंतर नियुक्ती नियमित करावी. नियुक्तीच्या तारखेपासून, हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. आधी रुजू होणे आणि मागाहून तपासणी होणे, हे न्यायालयाने गृहीतच धरले आहे. पोलीस दलासारख्या ठिकाणी अहवाल आधी मागणे समजण्यासारखे आहे. पण लेखा लिपिकाला आणि कृषी सहायकाला तोच नियम कशासाठी?

ज्या प्रकरणात हा आदेश झाला, तेच दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आहे. पश्चिम बंगालमध्ये एक गृहस्थ मार्च १९८५ मध्ये नेत्रविभागात सहायक म्हणून सरकारी सेवेत लागले. त्यांच्याविषयीचा पोलीस अहवाल खात्याकडे पोचला २०१० साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. ते भारतीय नागरिक नाहीत असा निष्कर्ष त्यात होता आणि त्यावरून निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांना काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. वेळ लागला की तपासणी पक्की होते, हे खरे असते तर पंचवीस वर्षांच्या तपासणीइतकी पक्की तपासणी देशात दुसरी सापडली नसती.

संदेश पाठवणारे यावर २०२४ मधले, खोट्या प्रमाणपत्रांचा आरोप झालेल्या पुण्यातल्या परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याचे प्रकरण पुढे करतात: बघा, घाई केली की असे होते. ते प्रकरण नेमके उलटी साक्ष देते. संबंधित अधिकाऱ्याने आरोप नाकारले आहेत आणि वाद न्यायालयात गेला. तो भाग बाजूला ठेवू. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्या जुलैत कारणे दाखवा नोटीस काढली आणि ३१ जुलैला उमेदवारी रद्द केली. २००९ ते २०२३ या पंधरा वर्षांत शिफारस झालेल्या १५ हजारांहून अधिक उमेदवारांची माहितीही तपासल्याचे आयोगाने त्याच वेळी जाहीर केले. नोटिशीपासून निर्णयापर्यंत जेमतेम पंधरवडा गेला. तोवर गेलेली वर्षे तपासणीत गेली नव्हती. प्रमाणपत्र खरे की खोटे हे पाहण्याचा अधिकार आणि साधने आपल्याकडे नाहीत, असे आयोगानेच तेव्हा सांगितले.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त बोचणारा आहे, कारण त्यात थांबलेल्या प्रत्येकावर संशय येतो. फाईल कशी अडते ते जवळून पाहा. समजा, अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा चार वर्षे पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला. साक्षांकन नमुन्यात त्याला मागच्या वर्षांतले वास्तव्याचे पत्ते लिहावे लागतात, म्हणून त्याचे कागद गावच्या ठाण्यात जातात तसेच पुण्यालाही जातात. पुण्यातला हवालदार त्या पत्त्यावर पोचतो, तेव्हा भाडेकरार कधी झालेलाच नसतो आणि नोंद न केलेला भाडेकरू कबूल करायला मालक तयार नसतो. गावाकडचा अहवाल ‘निरंक’ म्हणून आठवड्यात परततो आणि पोलिसांच्या विशेष शाखेच्या टेबलावर पुण्याच्या अहवालाची वाट पाहत पडून राहतो. मुलावर एकही गुन्हा नाही. त्याच्याच यादीतला, जन्मभर एका घरात राहिलेला मुलगा मात्र महिन्याभरात मोकळा होतो. यात स्वच्छतेचा संबंध कुठे आला?

खरा विचार करावा लागतो तो ज्यांच्या नावावर गुन्हा आहे त्यांच्याबाबत. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखी क्षुल्लक बाब लपवली गेली असेल, तर नियोक्ता ती सोडून देऊ शकतो. आणि गुन्हा प्रामाणिकपणे सांगितला असला, तरी उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच. अशा फायलींना वेळ द्यावा. त्यांच्यासाठी निरंक अहवालांचा अख्खा गठ्ठा अडवून धरण्याचे कारण नाही. हेच पोलीस पासपोर्टसाठीही पडताळणी करतात, आणि तत्काळ पासपोर्ट तर आधी हातात पडतो, पोलीस नंतर येतात.

राहिली ती तीस वर्षांची नोकरी. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि बहुतेक पदांवर निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. चाळिसाव्या वर्षी निवड झालेल्याच्या हाती अठरा वर्षे असतात आणि थांबलेले प्रत्येक वर्ष त्यातूनच वजा होते. त्या वर्षाचे वेतन मिळत नाही आणि वेतनवाढही पुढे सरकते. तारखेने काय बिघडते, हे १ नोव्हेंबर २००५ च्या अलीकडे-पलीकडे रुजू झालेल्यांना विचारावे. त्या दिवसापासून रुजू होणाऱ्यांसाठी राज्यात जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्याआधीची होती, पण आदेश या ना त्या कारणाने नंतर निघाले, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय देणारा शासन निर्णय निघायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.