"उपाशी ठेवलं" या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आधी सॉरी म्हणते, मनापासून. व्हिसाचे हेलपाटे घालून, रजा जमवून तुम्ही सहा जण पुण्याहून इतक्या लांब फ्रान्समधल्या बर्गंडीत आमच्याकडे ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या रस्त्यांवर सायकल चालवायला आलात आणि नाराज होऊन गेलात, हे मालक म्हणून आम्हा दोघांना लागलंच.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. रस्ता "खडी टाकून सोडून दिलेला" होता, एका ठिकाणी रूट चुकला, आणि रविवारी "फ्लाविन्यीला दोन वाजता पोचलो तर किचन बंद, आम्हाला उपाशी ठेवलं, अलेझियाच्या वेढ्यातल्या लोकांसारखं". अलेझिया म्हणजे इथलंच जुनं गाव, ज्याला रोमन सेनापती सीझरने वेढा घातला होता, ती गोष्ट पुढे येतेच. रूटचं मान्य आहे. माँ ओस्वाची टेकडी उतरल्यावर कुरणाचं जे गेट बंद निघालं ते मला आधी माहीत असायला पाहिजे होतं, गुरं आत सोडली की शेतकरी ते लावून घेतो, मी आठवडाभर तिकडे गेले नव्हते, ती चूक माझी. रस्त्याचं मात्र काय बोलू, ग्रॅव्हल म्हणजे खडीच ना, बुकिंगच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलंय की डांबर कमी, चुनखडीचे पांढरे शेतरस्ते जास्त. ट्रॅक्टर जायला केलेले हे रस्ते, इथले लोक त्यांना शमँ ब्लाँ म्हणतात, आणि त्यांच्यासाठीच तर लोक इथे येतात. एका बाजूला कुंपणाची झुडपं, पलीकडे पांढऱ्या शारोले गाई, तासभर एक गाडी दिसत नाही. पाऊस झाला की उतारावरची चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी चाकाला धरते, पण तुमच्या चार दिवसांत एक थेंब पडला नाही.

आता जेवणाचं. हे मला नीट सांगू द्या, लांबलं तर माफ करा.

आपलं ठरलं होतं सकाळी आठला सम्यूर गावाहून निघायचं. आदल्या रात्री ग्रुपवर टाकलं होतं, जेवताना तोंडीही सांगितलं होतं की इथे खेड्यात जेवण बारा ते दीड, नंतर चूल बंद, पॅरिससारखं दिवसभर काही मिळत नाही, आणि रविवारी दुपारी तर बेकरीसुद्धा उघडी सापडत नाही. म्हणून तर रूट तसा बसवलाय, आठला निघायचं, दहा-सव्वादहाला माँ ओस्वाच्या टेकडीवर व्हर्सिंजेटोरिक्सचा, म्हणजे सीझरशी लढलेल्या गॉल सरदाराचा पुतळा, तिथे अर्धा तास, आणि पावणेबारापर्यंत जेवायला फ्लाविन्यी गावात. सायकली सात वाजता अंगणात तयार होत्या. तुम्ही निघालात नऊ वीसला. एकांचा ऑफिसचा कॉल होता, एकांना अंघोळीला गरम पाणी परत हवं होतं, सुट्टी आहे, होतं असं, मी काही बोलले नाही. पण ऐंशी मिनिटं तिथेच गेली.

पुतळ्याशी पोचलो साडेअकराला. अर्ध्या तासाचा तिथे एक तास झाला कारण ड्रोन उडवायचा होता. फोटो छान आलेत, मी पण बघितले. पुतळाच तसा आहे, साडेसहा मीटरच्या वर उंच, फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६५ साली उभा करवला आणि चेहरा त्याच्या स्वतःच्याच वळणाचा आहे असं इथले लोक सांगतात. मला तिथे तुम्हाला घाई करावीशी वाटली नाही. मूळची मी साताऱ्याची, पाहुण्याला "चला चला, उठा" म्हणायला माझी जीभ वळत नाही, हा माझा दोष समजा. पण त्याच तासात मी बाजूला जाऊन दोनदा फोन केला की आम्हाला उशीर होतोय, टेबल ठेवा.

मग टायर. आदल्या रात्री मी सहाही सायकलींच्या ४२ एमएमच्या टायरात ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा मोजून भरली होती. सकाळी तुमच्यातल्या एकांनी फ्लोअर पंप घेऊन सगळ्यांत ६० भरली, कडक टायर पळतं म्हणून. रोड बाईकवर सिंहगड चढणाऱ्याला तसं वाटणार, मला कळतं, पण खडीवर टायर थोडं बसावं लागतं, ते दगड पोटात घेतं. कडक भरलं की प्रत्येक खडा थेट हातात येतो, "हात बधिर झाले" असं जे तुम्ही लिहिलंय ते त्याचंच आहे. आणि ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला कट गेला तेव्हा इतक्या प्रेशरला सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं आतलं द्रव, भोक बुजवायच्या आधीच फवाऱ्यासारखं बाहेर उडालं, भोकात घालायचा प्लग बसेना, शेवटी आत ट्यूब घातली. पस्तीस मिनिटं. मी गुडघ्यावर बसून घातली, तुम्ही बघितलंय.

त्यानंतर ते गेट, वीस मिनिटं.

म्हणजे ऐंशी, तीस, पस्तीस आणि वीस, एकूण एकशे पासष्ट मिनिटं. त्यातली वीस माझी. आपण फ्लाविन्यीत पोचलो अडीचला, दोनला नाही दादा, तुमच्याच ग्रुपवर गावच्या वेशीतला तुमचा सेल्फी आहे, त्यावर २:३२ दिसतंय. गेट उघडं असतं तरी दोन दहा झाले असते आणि चूल दीडला बंद होते. मिनिटं मोजत बसायला मलाही बरं वाटत नाही, पण तुम्ही "दोन वाजता" लिहिलंत, वाचणाऱ्याला वाटणार की जरासा उशीर झाला आणि दार लावून घेतलं.

दार लावलं नव्हतं. जिथे आपलं जेवण होतं ते हॉटेल नाही, शेतावरचं घर आहे, सत्तरी ओलांडलेल्या बाई आणि त्यांची सून दोघी रांधतात, सांगून ठेवलं तरच. तुमच्यात दोघं शुद्ध शाकाहारी, इथे साध्या हिरव्या सॅलडमध्येसुद्धा लार्दाँ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात, म्हणून मी आठवडाभर आधी जाऊन त्यांच्याशी बसून बोलले होते. त्यांनी तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाट्याचं ग्रातँ, म्हणजे भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप, केलं होतं. पंक्चर काढताना माझा तिसरा फोन झाला तेव्हा त्या म्हणाल्या, दोनपर्यंत थांबते, त्याच्यापुढे नाही जमणार, गुरांचं बघायचंय. आणि त्या दोनपर्यंत थांबल्या. सहा ताटं मांडलेली, घरची माणसं खोळंबलेली. त्या जेवणाचे सहा जणांचे १५६ युरो मी दुसऱ्या दिवशी त्यांना नेऊन दिले. तुमच्या बिलात ते लावले नाहीत, बघा तपासून.

आणि उपाशी म्हणाल तर माझा नवरा दोन पन्नासला व्हॅन घेऊन आला, लांब फ्रेंच पाव, चीज, टोमॅटो, केळी, वरून आमच्या घरचा चिवडा, चर्चच्या भिंतीच्या सावलीत बसून सगळ्यांनी खाल्लं. गरम जेवण नव्हतं, मान्य. भूक लागली होती, उन्हात चढ चढून आला होता, चिडचिड होणारच, तेही मान्य. गावातल्या बडीशेपेच्या गोळ्यांचे डबे तुम्ही घरी न्यायला घेतलेत, हसत होतात तेव्हा. मला वाटलं मिटलं.

म्हणून ते अलेझियाचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. ती गोष्ट तुम्हाला मीच सांगितली होती, त्याच टेकडीवर उभं राहून. इसवी सनापूर्वी ५२, सीझरने गावाभोवती खंदकांचे दोन वेढे घातले, एक आतल्यांसाठी, एक बाहेरून मदतीला येणाऱ्यांसाठी, आतलं धान्य संपलं तेव्हा तिथल्या बायका-मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढलं, ते रोमनांकडे गयावया करत होते की गुलाम करा पण खायला द्या, आणि सीझरने त्यांना आत घेतलं नाही. हे सांगताना दर वेळी माझा आवाज जड होतो. आता त्या गोष्टीत सीझरच्या जागी मी आणि त्या म्हाताऱ्या बाई!

फाँतनेच्या ॲबीबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात की अशी शांतता कुठे अनुभवली नाही. १११८ साली सुरू झालेला मठ, फ्रेंच क्रांतीनंतर तिथे कागदाचा कारखाना चालला, १९०६ नंतर एका कुटुंबाने कारखान्याच्या इमारती पाडून तो परत उभा केला, तिथल्या लोहारखान्यात तुम्ही पाऊण तास होतात. कालव्याकाठचा तो सपाट रस्ता, जिथून पूर्वी माणसं आणि घोडे दोराने बोटी ओढायचे, तिथे लॉक (बोटी वर-खाली करायची पाण्याची दारं) मोजत मोजत तुमच्यातल्या ताई किती खूश होत्या. चार दिवसांतले साडेतीन चांगले गेले असतील तर तेही कुठेतरी यायला हवं होतं ना.

आमचा सीझन एप्रिल ते ऑक्टोबर, मराठी ग्रुप वर्षाला पाच-सहा, ते एकमेकांना विचारूनच येतात. तुमचा रिव्ह्यू आल्यावर सप्टेंबरच्या नाशिकच्या ग्रुपने मेसेज केला, "ताई, जेवणाचं नक्की असतं ना?" अजून ॲडव्हान्स आलेला नाही. व्हॅनचा हप्ता चालू आहे. हे तुमच्यावर ढकलत नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

बदल करतोय. प्रत्येकाला खाऊचा डबा सोबत द्यायचा विचार आहे, निघायच्या वेळेचंही काहीतरी नीट बसवू, गेटचं मी स्वतः आदल्या दिवशी बघून येईन, आणि पंप आता आमच्याकडेच ठेवणार.

एक शेवटचं. त्या बाईंची नात आमच्या पानावरचे रिव्ह्यू फोनवर ट्रान्सलेट करून आजीला वाचून दाखवते, कारण त्यांच्या घराचा फोटो आहे तिथे. काल तिचा मेसेज आला, आजी विचारतेय, पाहुणे उपाशी गेले का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही स्टार दोनच ठेवा, रस्त्याबद्दल, माझ्याबद्दल जे लिहिलंय ते राहू दे. "उपाशी ठेवलं" तेवढं काढाल का दादा?

तुमची वहिनी
(चार दिवस तुम्ही याच नावाने हाक मारत होतात)