अमेरिकेतली पोरं वाया गेलेली नाहीत

आपल्याकडे अमेरिकेतल्या तरुण मुलांचा विषय निघाला की ठरलेली वाक्यं येतात, अठराची झाली की घर सोडतात, आईबापाला विचारत नाहीत, संस्कार नाहीत वगैरे. मला हे मुळीच पटत नाही. (आणि घर सोडण्याचं म्हणाल तर भाडी आणि शिक्षणाची कर्जं इतकी आहेत की कितीतरी जण डिग्रीनंतर परत आईबापाकडेच राहतात.)

मोंटाना राज्यातली केस बघा. २०२० मध्ये १६ मुलामुलींनी आपल्याच राज्य सरकारवर दावा ठोकला, सगळ्यात धाकटं पोर तेव्हा २ वर्षांचं! म्हणणं एवढंच की राज्याच्या १९७२ च्या घटनेत स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क दिलाय, मग कोळसा-तेलाच्या प्रकल्पांना परवानगी देताना हवामानावर काय परिणाम होईल ते बघायचंच नाही असा कायदा तुम्ही करताच कसा? त्यांच्यातल्याच, रँचवर (गुरांच्या मोठ्या फार्मवर) वाढलेल्या रिकी हेल्ड ह्या मुलीने दुष्काळ, वणवे, घरच्या गुरांचे हाल हे सगळं कोर्टात उभं राहून सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला. घटनेतल्या एका ओळीसाठी इतकी वर्षं चिकाटीने भांडायचं, ह्याला संस्कार नाही तर काय म्हणायचं?

फ्लोरिडा राज्यातल्या पार्कलँड गावची मुलंही तशीच. १४ फेब्रुवारी २०१८ ला शाळेत गोळीबार झाला, १७ जण गेले, आणि मित्रांच्या अंत्यविधीहून आलेली ही पोरं थेट फ्लोरिडाच्या विधानसभेत जाऊन आमदारांना जाब विचारायला लागली. महिन्याच्या आत तिथे रायफल घ्यायचं वय १८ वरून २१ झालं, तेही बंदुकांवरच्या बंधनांना एरवी विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नरच्या सहीने! मोठ्यांनी वर्षानुवर्षं नुसती श्रद्धांजली वाहिली होती.

एका गोष्टीचा मात्र मला खरंच राग येतो, मतदान. १८ व्या वर्षी मत मिळावं म्हणून आधीच्या पिढीने व्हिएतनाम युद्धाच्या काळात आवाज उठवला, १९७१ मध्ये घटनादुरुस्ती झाली, आणि आज अध्यक्षपदाची निवडणूक नसेल त्या वर्षी तरुणांचं मतदान म्हाताऱ्यांच्या कितीतरी मागे असतं. मान्य आहे, मंगळवारी मतदान, त्याची देशभर सुट्टी नाही, कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेलं की नाव नोंदवायची वेगळी कटकट. पण जी मुलं सरकारला कोर्टात हरवतात त्यांना एक फॉर्म भरणं जड जाऊ नये.