‘शासनाकडे प्रस्ताव पाठवला आहे’ म्हणजे नेमकं काय?

पुण्या-मुंबईच्या बातम्या इथे अमेरिकेत बसून वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘याबाबतचा प्रस्ताव शासनाकडे पाठवण्यात आला आहे.’ कधी पाठवला, कुठल्या कायद्याचं कुठलं कलम बदलायचंय, फाइल कुणाच्या टेबलावर अडली आहे, यातलं काहीच बातमीत नसतं. इथे वॉशिंग्टन राज्यातही राज्यावाचून शहरांचं पान हलत नाही. पण इथली शहरं विधिमंडळाकडून काय हवंय याची यादी अधिवेशनाआधी जाहीर ठरावाने मंजूर करतात आणि ती घेऊन ऑलिंपियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीत जातात.

‘अमेरिकेत शहरांना अधिकार असतात, आपल्याकडे मंत्रालय सगळं दाबून ठेवतं’ असं मराठी मंडळींच्या गप्पांत ठोकून दिलं जातं. कागदावर तसं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखच नाही. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी 1868 मध्ये सांगून टाकलं की शहर हे राज्याचं अपत्य, राज्याने दिले तेवढेच त्याचे अधिकार. व्हर्जिनियासारखी राज्यं आजही त्याच नियमावर चालतात. आपल्याकडे निदान शहरांसाठीची 74वी घटनादुरुस्ती आहे, ती 1 जून 1993 पासून लागू आहे आणि बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवण्याजोगे 18 विषय आहेत. मेख कलम 243-डब्ल्यूमध्ये आहे: राज्य विधिमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’. ‘देईल’ असं तिथे लिहिलेलं नाही.

तर इथली यादी बनते कशी? उन्हाळ्यात शहराच्या प्रत्येक खात्याकडून सूचना मागवतात. चांगल्या शहरांत ‘वाहतूक सुधारा’ असली सूचना आल्या पावली परत जाते. कायद्याचं कलम कुठलं, त्यातले शब्द कुठले बदलायचे, शहराला खर्च किंवा उत्पन्न किती, विरोध कोण करील, विधेयक मांडणारा आमदार कोण, एवढं द्यावंच लागतं. शरद ऋतूत ठराव होतो. यादीत वरच्या चार-पाच मागण्या वेगळ्या काढलेल्या असतात, आणि खाली पाठिंबा कशाला, विरोध कशाला, नुसतं लक्ष कशावर, ते असतं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून विधेयकं आगाऊ दाखल करता येतात आणि जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी अधिवेशन सुरू होतं. विषम वर्षी 105 दिवस, सम वर्षी 60. समित्यांच्या मुदती कडक असतात. ठरल्या तारखेपर्यंत विधेयक समितीतून बाहेर पडलं नाही, तर साधारणपणे त्या वर्षापुरता विषय संपला. म्हणून जानेवारीत जागं होणाऱ्या शहराच्या हाती काही लागत नाही.

समितीतल्या सुनावणीत बोलायला कुणीही नाव नोंदवू शकतो, फक्त ती सुरू होण्याच्या किमान तासभर आधी. बाजूने की विरोधात तेही नोंदवायचं. विधेयकाचा स्थानिक संस्थांच्या तिजोरीवर काय भार पडेल याचा अंदाज राज्याचं वाणिज्य खातं काढतं. शहराने पाठपुराव्यासाठी माणसं नेमली तर त्यांच्यावरचा खर्च दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. करदात्यांच्या पैशाने करदात्यांच्याच सरकारपुढे वकिली करायची, हा प्रकार मला अजूनही विचित्र वाटतो. पण निदान आकडा तरी दिसतो.

मागणी कलमासकट का लिहायची, ते मुंबईकरांना सांगायला नको. 500 चौरस फुटांपर्यंतच्या, कायद्याच्या भाषेत 46.45 चौरस मीटरच्या, घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा ठराव महापालिकेने 2017 मध्ये केला. 2019 मध्ये राज्याने निर्णय घेतला, पेढे वाटून झाले, आणि बिलं आली तेव्हा माफ झाला होता फक्त ‘सर्वसाधारण कर’. मालमत्ता कराचं बिल म्हणजे अनेक करांची मोळी. पाणीपट्टी, मलनिःसारण, शिक्षण उपकर, रस्ता कर वगैरे तसेच राहिले. पूर्ण माफीसाठी 2022 मध्ये पुन्हा निर्णय घ्यावा लागला. ‘मालमत्ता कर’ आणि ‘सर्वसाधारण कर’ यांतला फरक मागणीच्या पहिल्या कागदावरच कुणीतरी अधोरेखित करायला हवा होता.

पुण्याची गोष्ट त्याहून बोलकी. राहत्या घराला करात 40 टक्के सवलत 1970 पासून महापालिकेच्या ठरावावर चालू होती. कर ठरवताना देखभालीपोटी कायद्यात 10 टक्के वजावट असताना पुणे 15 टक्के देत होतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि राज्याने ठराव विखंडित, म्हणजे रद्द केला. महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली राज्याला ते करता येतं. मग 1 एप्रिल 2019 पासून आकारणी झालेल्या घरांना सवलतीविना बिलं गेली. 2023 मध्ये राज्यानेच 40 टक्के परत दिले, वजावट 10 टक्क्यांवर आणली, आणि लोक राहत्या घराचे पुरावे जोडून पीटी-3 अर्ज भरत बसले. जवळजवळ पन्नास वर्षं चाललेली सवलत नुसत्या ठरावावर उभी होती. ती कायद्यात बसवून घ्या, ही मागणी एवढ्या वर्षांत वरच्या चारात यायला हवी होती.

इथेही यादी केली की पदरात पडतं असं नाही. शहरांचं मालमत्ता कराचं उत्पन्न, नवी बांधकामं सोडून, मतदारांच्या मंजुरीशिवाय वर्षाला 1 टक्क्यापेक्षा जास्त वाढू शकत नाही. 2001 मध्ये मतदारांनी हे बंधन घातलं, 2007 मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं, आणि विधिमंडळाने त्याच महिन्यात विशेष अधिवेशन घेऊन परत आणलं. महागाई त्याच्या पुढे धावते, म्हणून ‘1 टक्का सैल करा’ ही मागणी शहरांच्या याद्यांत ठाण मांडून बसली आहे. घरभाड्याचंही तसंच. भाडं नियंत्रित करायला शहरांना 1981 पासून बंदी आहे. ती उठवा, असा ठराव इथल्या सिअॅटल शहराच्या नगर परिषदेने 2015 मध्ये केला. बंदी उठली नाही. 2025 मध्ये राज्यानेच सगळीकडे वार्षिक भाडेवाढीवर मर्यादा घातली: महागाईदर अधिक 7 टक्के किंवा 10 टक्के, जे कमी असेल ते. मागितला होता अधिकार, मिळाला राज्याचा नियम. आणि खरं सांगायचं तर उत्पन्नवाढीच्या बाबतीत आपल्या महापालिका बऱ्या. जीएसटी येऊन जकात गेल्यावर 2017 च्या कायद्याने जी भरपाई ठरली, ती दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते. अर्थात ती महिन्याच्या महिन्याला राज्याकडून यायची असते, हा भाग वेगळा.

आता 29 महापालिकांत, पुणे-मुंबईसह अनेक ठिकाणी जवळपास चार वर्षांच्या प्रशासकराजनंतर, जानेवारी 2026 च्या निवडणुकांतून, नगरसेवक आलेत. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं. म्हणजे पावसाळ्यात खात्यांकडून सूचना, सप्टेंबरात स्थायी समिती, ऑक्टोबरात मुख्य सभा, असं वेळापत्रक सहज बसतं. नवा कायदा लागत नाही. पुणे शहरात आठ आमदार, मुंबईत छत्तीस. प्रत्येकाच्या हाती दोन पानं द्यायची आणि कोणी सभागृहात कोणता तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लावली, ते पुढच्या सभेत वाचून दाखवायचं. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही अवघड जाईल.

खरी अडचण यादी नेणाऱ्या माणसाची आहे. इथल्या बऱ्याच शहरांत सिटी मॅनेजरला, म्हणजे शहराच्या मुख्य अधिकाऱ्याला, नगर परिषदच नेमते, त्यामुळे तो राज्यापुढे शहराच्या बाजूने भांडतो. आपला आयुक्त नगरविकास विभागाला पत्र लिहितो, आणि त्याच्या बदलीचा आदेश निघतो तो मंत्रालयातूनच. ‘आमचं कलम बदला’ असं तो जोर लावून कशाला म्हणेल? तेव्हा यादीवर सही महापौरांची हवी, आणि पुणे-मुंबईने ती आयुक्तांच्या टपालातून न पाठवता थेट आमदारांच्या हातात द्यावी.